इंजिनाचे टायमिंग : स्वतः लावावे की मिस्त्रीकडे द्यावे?

नागपूरच्या इतवारी-गांधीबाग भागातील काही जुन्या घरांच्या जिन्याखाली वडिलांच्या काळातील बजाज चेतक अद्याप उभी असते. १९७२ साली बाजारात आलेल्या या स्कूटरवर अनेकांनी वसुलीच्या फेऱ्या केल्या, मुलांना शाळेत पोहोचविले. ती विकवत नाही आणि उभी ठेवून गंजूही देववत नाही. मग एखाद्या दिवशी किक मारूनही ती दाद देत नाही. मिस्त्री म्हणतो, ‘टायमिंग गेले आहे.’ हे काम घरी करावे की मजुरी मोजावी, हा प्रश्न तेथून सुरू होतो.

टायमिंग म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ. पेट्रोल व हवेचे मिश्रण पेटून दाब निर्माण होण्यास थोडा अवधी लागतो. म्हणून पिस्टन वरच्या टोकास पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पडावी लागते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाच्या हजाराव्या भागात क्रँकशाफ्ट १८ अंश फिरतो. यावरून थोड्याशा चुकीचेही मोल ध्यानात यावे. ठिणगी उशिरा पडली, तर गाडी ओढत नाही व पेट्रोल अधिक जाते. फार लवकर पडली, तर किक मारताना पायाला उलटा झटका बसतो, चढावर इंजिन टकटक वाजते आणि अतिउष्णतेने पिस्टनही निकामी होऊ शकतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या नागपुरात ही दुसरी चूक विशेष महाग पडते.

व्यापारी मनुष्य सहसा मजुरीचा आकडा पाहून निर्णय घेतो. परंतु कर्ज देताना व्याजाच्या दरापूर्वी जोखीम पाहावी लागते, तसेच येथेही आहे. दोन प्रश्न आधी विचारावेत : चूक झाली, तर ती परत फिरविता येईल काय? आणि काम बरोबर झाले की नाही, हे स्वतःला तपासता येईल काय?

पॉइंट असलेल्या जुन्या चेतकमध्ये दोन्ही प्रश्नांचे उत्तर बहुधा ‘होय’ असे येते. पॉइंट झिजून त्यांतील फट कमी झाली की ते उशिरा उघडतात आणि ठिणगीही मागे पडते. म्हणून प्रथम फट, नंतर टायमिंग, हा क्रम मोडू नये. फट फीलर गेजने मोजता येते. पॉइंट नेमके कधी उघडतात, हे पाहण्यासाठी त्यांच्यामध्ये पातळ कागदाची पट्टी धरून मॅग्नेटचे चाक हळूहळू फिरवावे. पट्टी सैल होते तोच तो क्षण. मात्र आतील प्लेट सरकवायची असल्यास ते चाक पुलरने काढावे लागते. पुलर नसताना हातोडा चालविणाऱ्याने सरळ मिस्त्रीकडे जावे. नंतरच्या काही चेतकांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले. त्यांत पॉइंटच नाहीत, त्यामुळे फट लावण्याचे काम उरत नाही.

मालवाहू टेम्पोची गोष्ट वेगळी. जुन्या डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पंप डिझेल केव्हा सोडतो, यावर सारे अवलंबून असते. ते काम पंपाच्या जाणकाराचेच. मोटारीच्या टायमिंग बेल्टचेही तसेच. बेल्ट दात चुकवून बसला, तर अनेक इंजिनांत पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. तेथे मजुरी वाचविण्याच्या नादात इंजिन उघडण्याची पाळी येते. ही चूक परत फिरत नाही. म्हणून येथे पैसे मोजणे हीच काटकसर होय. बेल्ट किती किलोमीटरनंतर बदलावा, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहून ठेवावे.

उलट, हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत ठिणगीची वेळ संगणक क्षणोक्षणी ठरवितो. तेथे पेचकसाने लावण्याजोगे काही राहिलेले नाही. अशा गाडीच्या बिलात ‘टायमिंग सेटिंग’ लिहिलेले दिसल्यास कोणते काम केले, हे शांतपणे विचारावे.

ज्याला शिकण्याची हौस आहे, त्याने पहिल्या वेळी मिस्त्रीला पूर्ण मजुरी देऊन शेजारी उभे राहावे व पाहावे. ती मजुरी शिकवणीची फी समजावी. त्यात घासाघीस नको. पुढे स्वतः काम करताना प्लेटचे स्क्रू सैल करण्यापूर्वी प्लेट व बाहेरची बॉडी या दोहोंवर मिळून एक बारीक रेघ ओढावी. नवीन वही उघडताना आरंभीची शिल्लक लिहितात, तशीच ही रेघ. काम बिघडले, तरी निदान होते तेथे परत येता येते. ती रेघ ओढण्याची सोय जेथे नाही, तेथे मिस्त्रीची मजुरी महाग म्हणू नये.