दुरून घरच्या संगणकजाळ्यात प्रवेश

घरातील संगणक, छपाईयंत्र, कॅमेरे इत्यादी उपकरणे राउटर नावाच्या लहानशा यंत्राने परस्परांशी जोडलेली असतात. घरात बसून या जाळ्याचा उपयोग करणे सोपे असते. परंतु परगावी गेलेल्या माणसाला घरच्या संगणकातील एखादा दस्तऐवज हवा असला, की अडचण उभी राहते. तिचे मूळ इंटरनेटवरील पत्त्यांच्या व्यवस्थेत आहे.

या व्यवस्थेच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ द्विमान अंकांचा असल्याने एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. ते अपुरे पडणार हे ओळखून १९९४ साली पत्ता-रूपांतराची पद्धत मांडली गेली. तिची तुलना जुन्या वाड्याशी करता येईल. वाड्यात बिऱ्हाडे अनेक, पण रस्त्यावरचा क्रमांक एकच. आतून कोणी पत्र धाडले, तर दारावरचा राखणदार त्याची नोंद ठेवतो व आलेले उत्तर योग्य बिऱ्हाडी पोचवतो. परंतु बाहेरून अवचित आलेले पत्र कोणाचे, हे त्याला कळत नाही व तो ते टाकून देतो. राउटर नेमके हेच करतो.

यावर एक उपाय असा, की ठरावीक क्रमांकाच्या दारावर येणारा संदेश अमुक संगणकाकडे पाठवावा, अशी आज्ञा राउटरला द्यावी. मात्र ते दार मालकाप्रमाणे चोरालाही खुले होते. कारखान्यातून आलेले परवलीचे शब्द न बदललेले असंख्य कॅमेरे व राउटर २०१६ साली ‘मिराई’ या घातक आज्ञावलीने ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या सेवा बंद पाडल्या.

म्हणून आभासी खाजगी जाळ्याचा मार्ग अधिक श्रेयस्कर होय. यात घरचे यंत्र व प्रवासातील यंत्र यांच्यामध्ये जणू एक बंदिस्त बोगदा तयार होतो. ‘वायरगार्ड’ या पद्धतीत प्रत्येक यंत्राजवळ किल्ल्यांची एक जोडी असते. तिच्यातील उघड किल्ली दुसऱ्या यंत्राला द्यायची. गुप्त किल्ली मात्र कोणालाही द्यायची नाही. अनोळखी संदेशाला हे यंत्र उत्तरच देत नाही. त्यामुळे बाहेरच्याला दार आहे, हेही कळत नाही.

तथापि दोन अडचणी उरतात. सेवा पुरवणारी कंपनी घराचा सार्वजनिक पत्ता वरचेवर बदलत असेल, तर बदलत्या पत्त्याची नोंद एका स्थिर नावाखाली ठेवणारी सेवा घ्यावी लागते. कंपनीने अनेक घरांना मिळून एकच पत्ता दिला असेल, तर सार्वजनिक पत्ता असलेले एखादे मध्यस्थ यंत्र भाड्याने घेऊन दोन्ही टोकांनी त्याच्याशी संपर्क साधावा. सहाव्या आवृत्तीचे १२८ अंकी पत्ते सर्वत्र पोचल्यास पत्त्यांची ही टंचाई उरणार नाही. राखणदाराची गरज मात्र तेव्हाही राहील.

प्रवासास निघण्यापूर्वी मोबाइलच्या जाळ्यावरून एकदा प्रवेश करून पाहावा. कुलूप लागते की नाही, याची परीक्षा घर सोडण्याआधीच झालेली बरी.