दृढावरणातील कर्करोग आणि रक्तस्रावाचा आभास

शीव-पनवेल महामार्गालगतच्या कामोठ्यासारख्या ठिकाणी डोक्यास मार लागलेला वृद्ध रुग्ण रुग्णालयात आला, म्हणजे मेंदूवरील रक्तस्रावाची शंका प्रथम यावी हे स्वाभाविकच होय. परंतु त्या रुग्णाने पूर्वी कर्करोगावर उपचार घेतले असतील, तर ही पहिली शंका फसवी ठरू शकते. शेजारच्या खारघरलाच टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संस्था असल्याने येथील अभ्यासकांनी हा प्रश्न विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे.

मेंदूचे सर्वांत बाहेरचे जाड वेष्टन ते दृढावरण. स्तन, फुप्फुस आणि विशेषतः अष्ठीला ग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट, यांच्या कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे किंवा कवटीच्या हाडात रुजून तेथून या आवरणात शिरतात. बॅटसन यांनी १९४० साली वर्णन केलेले पाठीच्या कण्यालगतचे झडपविरहित नीलाजाल हाही एक मार्ग मानला जातो. गाठ आवरणावर पसरली की तिला कवटीच्या आतील वळणाचा आकार येतो. सी.टी. प्रतिमेत ताजे रक्त मेंदूहून पांढरे दिसते. दाट पेशींची गाठही पुष्कळदा तशीच दिसते. तेव्हा चंद्रकोरीसारख्या त्या आकारावरून फक्त जागा कळते, पदार्थ कळत नाही.

रक्ताची छटा कालमानाने बदलते. दोन-तीन आठवड्यांत ते मेंदूच्या छटेचे व पुढे त्याहून काळसर होते. गाठीत असा क्रम आढळत नाही. शिरेतून रंजकद्रव्य दिल्यास गाठ उजळते. पण जुन्या रक्ताभोवतीचा पडदाही उजळतो. म्हणून आमच्या मते लगतच्या हाडाचे बारकाईने निरीक्षण अधिक उपयोगी आहे. अष्ठीलेच्या कर्करोगात ते हाड बहुधा घट्ट व जाड झालेले असते.

कधी गाठ व रक्त दोन्ही एकत्र असतात, आणि खरी अडचण येथे आहे. दृढावरणातील कर्करोगासह आढळणाऱ्या अशा रक्तसंचयाचे विवेचन रसेल व केर्न्स यांनी १९३४ सालीच केले होते. आवरणातील नीला कर्कपेशींनी तुंबल्या, की आतील थराच्या केशवाहिन्या फुगून फुटतात, अशी त्याची एक उपपत्ती आहे. अशा रुग्णाच्या कवटीस छिद्र पाडून रक्त काढले, तर तेवढ्यापुरता आराम पडतो, आणि मूळ रोग तसाच राहतो. केवळ गाठच असेल, तर शस्त्रवैद्याच्या हाती प्रवाही रक्ताऐवजी घट्ट, सहज रक्तस्राव होणारी ऊती येते.

याउलट कर्करोग्यात बिंबाणू घटल्याने निखळ रक्तस्रावही होतो. तेव्हा पूर्वेतिहासावरून गाठच गृहीत धरणेही गैर. रुग्णाची शुद्ध हरपत असेल व बाहुल्या असमान झाल्या असतील, तर पुढील तपासण्यांसाठी न थांबता मेंदूवरील दाब उतरविला पाहिजे. त्याच वेळी दृढावरणाचा व पडद्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकीय परीक्षेसाठी पाठविता येतो.