कॉम्प्युटर रुसला? दुखणं नेमकं कुठं ते आधी बघा!

मैत्रिणींनो, मिक्सर बंद पडला तर आपण आधी काय बघतो? प्लग नीट बसलाय का, बटण चालू आहे का, बोर्डात वीज आहे का. मग कॉम्प्युटर बंद पडला की हातपाय का गळतात? ‘यातलं आपल्याला काय कळतं!’ असं म्हणून आपण तो थेट दुरुस्तीला धाडतो आणि सांगतील तेवढे पैसे मोजतो.

गोरेगावात, म्हणजे आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावात, शेजारच्या वहिनींकडे असंच झालं. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये बचत गटाचा सगळा हिशेब. कुणी किती भरले, कुणाचं कर्ज किती फिटलं, सारं त्यातच. ऐन मे महिन्यात तो मधेच बंद पडू लागला. मग तर बटण पाच-सहा वेळा दाबावं तेव्हा कुठं सुरू व्हायचा. एका दुकानात सांगितलं, “मदरबोर्ड गेला, आता नवाच घ्या.” वहिनी रडकुंडीला आल्या. “ताई, बायकांच्या घामाचा पैसा आहे जी. हिशेबच गेला तर मी तोंड कसं दाखवू?”

खरं दुखणं निघालं एसएमपीएसचं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, जिथं वायर खोचतो ती पत्र्याची पेटी. घरात वीज येते २३० व्होल्टची, पण कॉम्प्युटरच्या नाजूक भागांना लागते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची. ज्याला जेवढी सोसेल तेवढीच वाढून देण्याचं काम ही पेटी करते. तिच्यात कपॅसिटर नावाच्या छोट्या डब्या असतात. उष्णतेनं त्या हळूहळू सुकतात. दहा अंश तापमान वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. आपल्याकडचा उन्हाळा, त्यात मळणीच्या दिवसांत उडणारा भुसा पंख्यात अडकलेला. मग पेटी तापणार नाही तर काय? वहिनींचा कॉम्प्युटर चार-पाचदा बटण दाबल्यावर का सुरू व्हायचा, त्याचं कारणही हेच. थकलेला कपॅसिटर थोडा गरम झाला की तेवढ्यापुरता कामाला लागतो.

आता घरच्या घरी काय करायचं ते सांगते.

पहिलं, भिंतीच्या त्याच सॉकेटात टेबलफॅन लावून बघा. मग यूपीएस आणि एक्स्टेन्शन बाजूला ठेवून कॉम्प्युटरची वायर थेट भिंतीत लावा. सुरू झाला तर दोष बाहेरचाच!

दुसरं, मॉनिटरची आणि कॅबिनेटची वायर बऱ्याचदा सारखीच असते. बटण बंद करून ती अदलाबदल करा. कित्येकदा वायरच आतून तुटलेली निघते.

तिसरं, लक्षणं ताडून बघा. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळा आणि आतून ‘बीप बीप’ ऐकू येतं, तर बहुधा रॅम सैल झालेली असते. रोज तारीख-वेळ चुकते, तर आतला बटणासारखा सेल संपलाय. पंधरा-वीस मिनिटं चालून तापून बंद पडतो, तर प्रोसेसरच्या पंख्यात धूळ असू शकते. पण बटण दाबून काहीच हालचाल नाही, काम वाढलं की झटक्यात बंद, मागून जळका वास किंवा पंख्याची घरघर, असं असेल तर संशय एसएमपीएसवर घ्या.

जुन्या पेटीच्या मागे कधीकधी ११५/२३० लिहिलेलं छोटं लाल बटण असतं. ते २३० वरच हवं. पुसताना चुकून सरकलं तर पेटीचा स्फोटासारखा आवाज होऊन ती जळते. मुलांना तिथं हात लावू देऊ नका.

आणि हो, कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात का? मग घराचं अर्थिंग नीट नाही. त्याकडे दुर्लक्ष नको, वायरमनला बोलवा.

एक गोष्ट मात्र पक्की गाठ बांधून ठेवा. ती पेटी स्वतः उघडायची नाही! प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतकी वीज साठून राहू शकते.

पुढचं काम मेकॅनिकचं, पण ते आपल्यासमोर करून घ्यावं. “भाऊ, आधी मीटर लावून बघा,” असं म्हणायला लाजू नका. कॉम्प्युटर चालू असताना पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट दिसायला हवेत. आकडे बरोबर आले तरी काम वाढल्यावर पेटी दगा देऊ शकते. म्हणून दुसरी चांगली पेटी जोडून बघणं हीच खरी परीक्षा.

वहिनींनी लक्षणं कागदावर लिहून नेली, दुसऱ्या मेकॅनिककडे. त्यानं दुकानातला एसएमपीएस जोडला आणि कॉम्प्युटर एका दाबात सुरू! हिशेब जसाच्या तसा. नव्या कॉम्प्युटरचा खर्च वाचला, तो गटाच्याच पेटीत राहिला.

नवी पेटी घेताना पक्कं बिल आणि वॉरंटी मागून घ्या. स्वस्तातली हलकी पेटी नको, ती बिघडताना मदरबोर्डलाही सोबत नेते. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर दूर ठेवा आणि महिन्यातून एकदा प्लग काढून मागची जाळी कोरड्या ब्रशनं झाडा.

आता वहिनी दर शनिवारी हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून तांदळाच्या डब्याशेजारच्या कपाटात ठेवतात. तुम्हीही आजच काढा. पेटी बाजारात मिळते हो, पण गेलेला हिशेब कुठल्या दुकानात मिळणार?