हळद कुठवर मुरते

नवतपा लागला की यवतमाळात दुपारी रस्ते ओस पडतात. माझ्या भाचीच्या प्रयोगशाळेतली खरी लगबग तेव्हाच असते. ती एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हळदीतलं कर्क्युमिन कातडीत मुरवून उन्हानं होणारी नासधूस थोपवता येईल का, हा तिचा विषय. तो तिला घरातच सापडला. तिची आई, म्हणजे माझी बहीण, तीस वर्षं निंदण आणि कापूसवेचणी करते आहे. तिची मान नि मनगटं काळवंडून खरबरीत झालीत. बाहीखालचा दंड अजून गव्हाळ आहे.

उन्हातले अतिनील किरण कातडीत शिरले की ऑक्सिजनचे बिथरलेले रेणू तयार होतात आणि पेशींच्या आवरणाला, कोलॅजेनला, डीएनएला इजा करतात. अँटिऑक्सिडंट या रेणूंना आपला इलेक्ट्रॉन देऊन शांत करतं. २००५ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात शेल्डन पिनेल यांच्या गटानं सी आणि ई जीवनसत्त्वाच्या द्रावणात अर्धा टक्का फेरुलिक आम्ल घातलं. हे आम्ल आपल्या तांदळा-गव्हाच्या कोंड्यात असतं. डुकराच्या कातडीवर त्या द्रावणाचं संरक्षण चौपटीवरून जवळजवळ आठपटीवर गेलं.

पण आधी ते आत तर गेलं पाहिजे. कातडीचा सगळ्यात वरचा मृत थर केसाच्या जाडीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढा. तरी तेलकट आणि घट्ट. शिवाय कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आणि ऊन त्यालाच सोसत नाही. हळदीचा डाग उन्हात घातला की उडतो, हे घरोघरी ठाऊक आहे. म्हणून तिच्या बाटल्या चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या.

यावरची तिची युक्ती आपल्याच पिकातली आहे : सोयाबीनचं लेसिथिन. ते आणि कर्क्युमिन अल्कोहोलमध्ये विरघळवून गोल बुडाच्या चंबूत फिरवत ठेवलं. अल्कोहोल उडून गेलं आणि काचेला आतून पिवळी साय धरली. मग पाणी घालून चंबू पुन्हा फिरवला. साय सुटली, पाणी हळदीच्या दुधासारखं झालं. लेसिथिनच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. त्यामुळे पाण्यात त्याच्या सूक्ष्म पिशव्या बनतात आणि कर्क्युमिन त्यांत बसतं. आपल्या पेशींचं आवरणही याच जातीच्या रेणूंचं.

हे दूध कार्बोपोलमध्ये घालून जेल करायचं. त्यात ट्रायइथेनॉलअमाइनचे थेंब पडतात, पातळ द्रव एकाएकी घट्ट होतो. पहिल्या खेपेला तिच्या हातून थेंब जास्त पडले आणि जेल लालसर झालं. हळदीत चुना कालवला की कुंकू होतं, तेच. तो घाणा तिनं टाकून दिला. दिवसभराची मेहनत होती. मला हळहळ वाटली.

मग कसोटी. काचेच्या दोन कप्प्यांमध्ये बकऱ्याच्या कानाची साफ केलेली कातडी ताणून बसवली. वर जेल, खाली शरीरातल्या पाण्याची जागा घेणारं द्रावण, त्यात गरगरणारा चुंबक. बाहेरून कोमट पाणी फिरतं, कातडी ३२ अंशांवर राहते.

“मामा, टेबलाले धक्का नका देऊ,” ती म्हणाली. “खाली बुडबुडा आला का सगळं वाया जाते.”

दर तासाला ती खालचं एक मिलिलिटर द्रावण काढायची, तेवढंच नवं भरायची. आठ तास असं चाललं. नळ्यांमधला पिवळेपणा जेमतेम दिसत होता. मी हिरमुसलो, तिचा चेहरा मात्र फुलला होता. दुखण्याचं औषध असेल तर ते कातडी ओलांडून आत जायला हवं. इथं ओलांडून गेलेलं वायाच. ऊन कातडीत शिरतं, तर राखणदारही तिथंच बसलेला हवा. क्रीमच्या डबीवर किती टक्के हळद लिहिलीय, याला त्यामुळे माझ्या लेखी फार अर्थ उरला नाही. आणि उत्तम जेल जमलं तरी डोक्यावरचा दुपट्टा सुटणार नाही, हेही ती आईला आत्तापासून बजावते.

संध्याकाळी तिनं कातडी सोडवली, पुसली आणि चिकटपट्टी लावून ओढली. पहिली पट्टी पिवळीजर्द. दुसरी, तिसरी फिकट. पंधराव्या पट्टीला रंग दिसेना. उरलेल्या कातडीचे तिनं बारीक तुकडे केले, अल्कोहोलच्या कुपीत टाकले आणि कुपी खिडकीपाशी उजेडात धरली. तुकड्यांभोवती हळूहळू पिवळं सुटायला लागलं. तिनं घाईनं कुपीवर कागद गुंडाळला.