जुन्या ट्रकचा वॉटर पंप आणि पुली : गाडीच्या नावावर नको, इंजिन ओळखून घ्या

मालेगाव-भिवंडी पट्ट्यात आजही कितीतरी घरांची रोजी-रोटी एकाच जुन्या ट्रकवर चालते. गाडीचे हप्ते फिटलेले असतात, पण वय झालेले असते. भिवंडीहून सूत भरून कसारा घाट चढताना काटा लाल पट्टीत गेला की मालकाच्या पोटात गोळा येतो. इंजिन तापून हेड गॅस्केट उडाले, हेडला तडा गेला तर दुरुस्तीचा खर्च पंपाच्या किमतीच्या अनेक पट होतो, शिवाय गाडी आठवडाभर उभी राहते आणि त्या आठवड्याची कमाई बुडते ती वेगळीच.

पुष्कळदा मूळ कारण अगदी साधे असते. वॉटर पंप बदललेला असतो, पण चुकीचा. किंवा पंप बरोबर असतो आणि पुली दुसऱ्याच गाडीची लावलेली असते.

आधी खात्री करा, पंपच गेला आहे का?

गाडी तापली म्हणजे पंपच खराब असे नाही. बेल्ट ढिला आहे का, रेडिएटर आतून चोंदला आहे का, थर्मोस्टॅट उघडतो का, रेडिएटरच्या झाकणाचे रबर शाबूत आहे का, हे आधी बघा.

पंप गेल्याची खूण वेगळी असते. पंपाच्या अंगाला खालच्या बाजूने एक बारीक भोक असते. आतले सील गेले की तिथून पाणी ठिबकते. हे भोक कारखान्याने मुद्दाम ठेवलेले असते. काही जण ते एम-सीलने बुजवतात. तसे कधीही करू नये. बाहेर न पडलेले पाणी बेअरिंगमध्ये शिरते, बेअरिंग गंजून जॅम होते आणि एखाद्या दिवशी शाफ्ट तुटून फॅन थेट रेडिएटरमध्ये घुसतो.

दुसरी खूण बेअरिंगची. इंजिन बंद करून फॅन किंवा पुली दोन्ही हातांनी धरून हलवून बघा. खडखड झाली, हात फिरवताना घरघर आली, तर बेअरिंग संपले असे समजा.

दुकानात काय सांगायचे?

बहुतेक जण काउंटरवर जाऊन म्हणतात, "टाटा सोळा-तेराचा पंप द्या." इथेच चूक होते. 1612, 1613 हे आकडे गाडीचे आहेत. पहिले दोन आकडे साधारण किती टनांची गाडी ते सांगतात आणि पुढचे दोन इंजिनाच्या ताकदीचा अंदाज देतात. आत कोणते इंजिन बसले आहे ते त्यावरून पक्के कळत नाही. टाटाच्या सोळा टनी गाड्यांत 697 मालिकेची इंजिने आली, तशीच कमिन्सची 6बीटी इंजिनेही आली. दोन्ही सहा सिलिंडरची, एक सुमारे 5.7 लिटरचे तर दुसरे 5.9 लिटरचे. ऐकायला सख्खी भावंडे वाटतात, पण एकाचा पंप दुसऱ्याला बसत नाही.

त्यात जुन्या गाडीचे इंजिन कधी बदलले गेले, कुणी बदलले, हे तिसऱ्या-चौथ्या मालकाला माहीतही नसते. म्हणून इंजिनाच्या ब्लॉकवरचा नंबर आणि पाटी स्वतः वाचा, आरसी बुकातल्या नंबराशी ताडून बघा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. इंजिन बदललेले असेल तर त्याची आरटीओत नोंद असायला हवी, हेही लक्षात असू द्या.

पंपाच्या बिडावर उठावदार अक्षरांत जो नंबर दिसतो तो बहुधा साच्याचा असतो. एकाच साच्यातून वेगवेगळ्या हबचे, वेगवेगळ्या पंख्यांचे पंप तयार होऊ शकतात. खरा पार्ट नंबर कंपनीच्या कॅटलॉगमध्ये किंवा खोक्यावर मिळतो.

जुना पंप सोबत न्या आणि जुळवून बघा

जुना पंप फेकू नका. तो काउंटरवर नव्या पंपाशेजारी ठेवा आणि एवढे तपासा :

1. पॅकिंगच्या बाजूचा आकार आणि बोल्टची भोके. जुने पॅकिंग नव्या पंपावर ठेवले की लगेच कळते.
2. होजच्या तोंडाचा व्यास आणि दिशा.
3. आतल्या पंख्याचा, म्हणजे इम्पेलरचा व्यास, खोली आणि पात्यांचा कल. काही इंजिनांत बेल्टची पाठ पुलीवर फिरते, त्यामुळे पंप उलट्या दिशेने फिरतो. अशा जागी सुलट फिरणारा पंप बसवला तर तो बसेल, फिरेलही, पण पाणी पुरेसे ढकलणार नाही.
4. पॅकिंगच्या तोंडापासून पुली बसते त्या हबच्या तोंडापर्यंतचे अंतर. हे व्हर्निअरने मोजा, डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका.
5. हबवरची भोके आणि मधला गोल उंचवटा. पुली त्यावर घट्ट, नेमकी बसली पाहिजे.

पुलीचा हिशोब

पुली म्हणजे नुसते चाक समजू नका. पंप किती वेगाने फिरणार ते तिच्यावर ठरते. समजा क्रँकची पुली 180 मिमी आणि पंपाची 150 मिमी आहे. इंजिन मिनिटाला 1500 फेरे घेत असेल तर पंप 1800 फेरे घेतो. आता भंगार बाजारातून 180 मिमीची पुली आणून लावली तर पंप 1500 वरच फिरेल. म्हणजे एक षष्ठांश वेग गेला. बऱ्याच जुन्या इंजिनांत फॅनही त्याच हबवर असतो, म्हणजे हवाही कमी झाली. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. घाटात, पूर्ण लोडवर, गाडी रांगत असताना जाणवते.

पुलीची खाच बेल्टशी जुळली पाहिजे. ए सेक्शनचा बेल्ट वर 13 मिमी रुंद असतो, बी सेक्शनचा 17 मिमी. बेल्टने खाचेच्या दोन्ही बाजू धरायला हव्यात. खाचेचा तळ घासून चकाकत असेल तर बेल्ट खाली बसतो आहे, म्हणजे पुली झिजली किंवा बेल्ट चुकीचा आहे. दोन खाचांच्या पुलीवर दोन्ही बेल्ट एकदम, एकाच मापाचे नवे घाला. एक जुना, एक नवा असेल तर सगळा भार एकावरच येतो.

बसवल्यावर क्रँक आणि पंपाच्या पुलीला सरळ पट्टी लावून बघा. दोन्ही एका रेषेत नसतील तर बेल्टची कड कुरतडली जाते आणि नव्या बेअरिंगवर आडवा ताण येतो.

नवा घ्यावा की जुनाच भरून घ्यावा?

पंपाचे बिड चांगले असेल, खड्डे पडले नसतील, तर शाफ्टसह बेअरिंग, सील आणि इम्पेलरचे किट घालून जुना पंप भरून घेणे वाईट नाही. हलक्या डुप्लिकेट पंपापेक्षा ते अनेकदा टिकाऊ ठरते. मात्र हब आणि इम्पेलर प्रेसवरच बसवून घ्या. हातोड्याने ठोकले तर सील आणि बेअरिंग पहिल्याच दिवशी मार खातात.

नवा घेत असाल तर पक्के बिल घ्या, त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या आणि गाडी लोडवर चालवून बघेपर्यंत जुना पंप मोडीत देऊ नका. बोअरचे खारे पाणी न भरता चांगले पाणी आणि कूलंट योग्य प्रमाणात भरा. क्षार साचले की इम्पेलर, सील आणि रेडिएटर तिन्ही खराब होतात.

उस्ताद कितीही अनुभवी असो, इंजिन नंबर, जुना पंप आणि पुलीचे माप या तीन गोष्टी घेऊन दुकानात मालकाने स्वतः जावे. त्यात अर्धा दिवस जाईल, पण घाटात बंद पडलेल्या गाडीपाशी रात्र काढण्यापेक्षा तो केव्हाही स्वस्त.