लिलावानंतर उरलेले गृहकर्ज

तारण घर विकून कर्ज पुरते फिटले नाही, तर उरलेली बाकी आपोआप माफ होत नाही. समजा, आटपाडीतील एका घरावर व्याजासह २२ लाख रुपये थकले आणि लिलावात १६ लाख आले. त्यातून आधी लिलावाचा खर्च वळता होतो. म्हणजे ६ लाखांहून अधिक बाकी राहते. जामीनदारही तिला बांधील असतो.

लिलावाआधी : हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देते. हा कायदा सहकारी बँकांनाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२० रोजी मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या खटल्यात स्पष्ट केले.

लिलावानंतर : २० लाख वा अधिक बाकीसाठी बँक कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, कमी असल्यास दिवाणी न्यायालयात जाते. सहकारी बँका व पतसंस्था राज्य सहकार कायद्याच्या कलम १०१ नुसार वसुली दाखला मिळवतात. त्यावर इतर मिळकतही जप्त होऊ शकते. लिलावात जादा रक्कम आल्यास ती कर्जदाराला परत मिळते.

तडजोड : एकरकमी परतफेडीचा अर्ज करता येतो. मंजुरीपत्र आणि बेबाकी दाखला लेखीच घ्यावा. जामीनदाराच्या मुक्ततेचा उल्लेख त्यात हवा. पतअहवालात मात्र ‘सेटल्ड’ अशी नोंद राहते.

नोटीस येताच बँकेच्या लेखी संमतीने स्वतः गिऱ्हाईक शोधावे. लिलावापेक्षा चांगला भाव मिळाला, तर मागे उरणारे कर्ज तेवढेच कमी होते.