काच खाली होत नाही, तेव्हा आधी काय बघाल?

मुंबईच्या फियाट टॅक्सीतून ज्याने प्रवास केला, त्याला ते हँडल आठवत असेलच. दाराच्या आतल्या बाजूचे हँडल फिरवले की काच कुरकुरत वर जायची, उलटे फिरवले की खाली यायची. काही टॅक्स्यांत तर चार दारांना मिळून एकच हँडल शिल्लक असायचे. पाऊस आला की ड्रायव्हर ते मागे द्यायचा, आपण काच चढवायची आणि हँडल परत करायचे. त्या प्रीमियर पद्मिनी टॅक्स्या ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या. आता बहुतेक गाड्यांना बटण असते. बोट लावले की काच खाली, बोट लावले की वर. आणि एक दिवस बोट लावले तरी काच जागची हलत नाही!

आम्ही टेक्सासमधल्या अर्विंगला राहतो, डॅलसच्या शेजारी. इथे गाडीशिवाय पान हलत नाही. औषधाच्या दुकानाची खिडकी, बँकेची खिडकी, कॉफीची खिडकी, सगळीकडे गाडीत बसल्या बसल्या काच खाली करून बोलायचे. पोलिसाने बाजूला थांबवले तरी आधी काच खाली. त्यामुळे ड्रायव्हरच्या बाजूची काच बिघडली की माणूस मुका झाल्यासारखा होतो. शिवाय ऊन. डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर 2011 च्या उन्हाळ्यात 71 दिवस पारा 100 फॅरनहाइट (म्हणजे साधारण 38 सेल्सिअस) किंवा त्याच्या वर होता. अशा उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत आणखी वीसेक अंश फॅरनहाइटने तापते. अशदोद-दिमोनाच्या वाचकांना उन्हाचे वेगळे सांगायला नको.

आता गॅरेजमध्ये काय होते ते सांगतो. पुष्कळ ठिकाणी तपासण्याआधीच ऐकवतात, "मोटर आणि रेग्युलेटर दोन्ही बदलावे लागतील." काही शे डॉलरचा खर्च. (हा रेग्युलेटर पंख्याचा नव्हे बरं का! दाराच्या पोटात काच उचलणारी जी यंत्रणा असते, तिला हे नाव आहे.) आमच्या ओळखीच्या एका आजींनी असे नवे सामान बसवून घेतले आणि आठवड्याभरात काच पुन्हा बंद. दोष होता एका तुटलेल्या वायरमध्ये. म्हणून माझे सांगणे एवढेच, की दुरुस्ती मेकॅनिककडून करून घ्या, पण नेमके काय बिघडले आहे ते ओळखायचे काम बरेचसे घरच्या घरी होते. त्याला हत्यार लागत नाही, कान लागतात. आजीआजोबांचे कान थकले असतील तर नातवंडांचे घ्या.

आधी आत काय असते ते समजून घेऊ. दारात एक छोटी मोटर असते, 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी. तिला दोन वायरी. एकीतून वीज आली आणि दुसरीतून परत गेली की मोटर एका दिशेला फिरते, काच वर जाते. वायरींची अदलाबदल केली की मोटर उलटी फिरते, काच खाली येते. ही अदलाबदल बटण करते, म्हणून मुलांनो, बटण म्हणजे रस्ता बदलणारा हवालदार. आणि ड्रायव्हरच्या दारावरची चार बटणे म्हणजे मोठा साहेब. बऱ्याच जुन्या गाड्यांत मागच्या दाराची वीज या मोठ्या साहेबाच्या टेबलावरून जाते. साहेबाचा एक काटा झिजला तर मागची काच तिच्या स्वतःच्या बटणानेही हलत नाही, आणि आपण उगीच मागच्या दाराला दोष देत बसतो. नव्या गाड्यांत दारोदारी छोटे कॉम्प्युटर आले आहेत, तिथे मेकॅनिकला आपले यंत्र जोडून बघावे लागते. पण पहिले प्रश्न तेच राहतात.

पहिला प्रश्न: कुलूप लागले आहे का? ड्रायव्हरच्या दारावर मुलांसाठी एक बटण असते, ते दाबले की बाकीच्यांच्या खिडक्या बंद होतात. गाडी धुताना, पर्स ठेवताना ते दाबले जाते. हसू नका, एवढ्यासाठी गॅरेज गाठणारी माणसे आहेत.

मग बघा, एकच काच बंद आहे की सगळ्या? सगळ्या एकदम गेल्या तर चार मोटरी एका दिवशी मरत नाहीत. फ्यूज, रिले, मोठे बटण किंवा अर्थची वायर, यांतलेच काही असणार. फ्यूज कुठे आहे ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात दिलेले असते. पाकळीसारख्या फ्यूजवर आकडा असतो आणि रंगही ठरलेला असतो: 20 अँपिअरचा पिवळा, 30 चा हिरवा. गेलेल्या फ्यूजच्या जागी त्याच आकड्याचा घाला. चाळीत आपण फ्यूज उडाला की सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायचो, तो प्रयोग इथे करू नका. फ्यूज उडतो म्हणून वायर वाचते. चांदी लावली की फ्यूज वाचतो आणि गाडी पेटते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी वायर सोललेली आहे. मग मात्र थेट मेकॅनिक.

एकच काच बंद असेल तर ती दोन्ही बटणांनी करून बघा, तिच्या दारावरच्या आणि ड्रायव्हरकडच्या. ड्रायव्हरकडून चालते, स्वतःच्या बटणाने नाही, तर ते छोटे बटण गेले. स्वतःच्या बटणाने चालते, ड्रायव्हरकडून नाही, तर मोठे बटण. दोन्हीकडून नाही, तर कान लावा.

इथे नातवंडांचे काम. इंजिन बंद, किल्ली चालूवर, रेडिओ बंद, एसीचा पंखा बंद. एकाने बटण दाबायचे, दुसऱ्याने बाहेरून दाराला कान लावायचा. आतून गुरगुर येते पण काच हलत नाही, किंवा तिरकी होऊन बसते? मग वीज ठीक आहे, मोटरही ठीक आहे. काच उचलणारी तार तुटली किंवा तिची प्लॅस्टिकची पकड मोडली. इथल्या उन्हात ती पकड कडक होऊन मोडते. नुसते "टक्" होऊन थांबते? मोटरपर्यंत वीज जाते आहे, पण ती अडकली आहे. अगदी शांतता? मग वीज पोचतच नाही, किंवा मोटर आतून तुटली.

याची एक साधी खूण आहे. संध्याकाळी गाडीच्या छतातला दिवा लावा आणि बटण दाबा. दिवा किंचित मंद झाला तर मोटर वीज ओढते आहे, म्हणजे अडचण यंत्रणेची. दिवा जराही हलला नाही तर वाट मध्येच तुटली आहे. नव्या एलईडी दिव्यात हे नीट कळत नाही, जुन्या पिवळ्या बल्बात छान कळते.

आणखी दोन युक्त्या. बटण दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने दाराच्या खालच्या भागावर तळहाताने थाप द्या. काच दचकून हलली तर मोटरचे कार्बन झिजले आहेत. मिक्सरचे कार्बन झिजल्यावर त्यालाही आपण अशीच थाप द्यायचो. पण अशी मोटर फार दिवस टिकत नाही, तोवर काच वर करून ठेवा. दुसरी युक्ती ड्रायव्हरच्या दारासाठी. दार उघडल्यावर बिजागरीजवळ एक घडीची रबरी नळी दिसते, तिच्यातून सगळ्या वायरी दारात जातात. दिवसातून वीस वेळा दार उघडझाप झाले, वर्षे गेली, की तिथे वायर वाकून वाकून तुटते. दार अर्धे उघडे ठेवून, मग पूर्ण उघडून, मग हळूच लोटत बटण दाबत राहा. एका ठिकाणी काच चालली आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, तर त्या नळीतली वायर. वर सांगितलेल्या आजींचे हेच झाले होते.

मेकॅनिकने दार उघडलेच तर त्याला एक विनंती करा: मोटरचा प्लग काढून त्याच्या दोन टोकांना टेस्ट लॅम्प लावून दाखव. बटण वर आणि खाली दोन्हीकडे दाबल्यावर दिवा लख्ख लागला, तर वीज येते आहे आणि मोटर खराब. एकाच बाजूला लागला किंवा लागलाच नाही, तर बटण किंवा वायर. मीटरपेक्षा बल्ब बरा, का ते ऐका. वायरचे सगळे धागे तुटून एकच उरला असेल तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो. पण एका धाग्यातून मोटर चालण्याइतकी वीज जात नाही. नळाला पाणी आहे का हे बोट ओले करून कळते, बादली भरेल का ते कळत नाही. बल्ब म्हणजे निदान तांब्या तरी भरून बघणे!

दार स्वतः उघडू नका. बऱ्याच गाड्यांत दाराजवळ एअरबॅगचे सेन्सर असतात, त्यासाठी आधी बॅटरी सोडवून ठेवावी लागते. आणि सुटलेली काच बोटांवर पडते ती वेगळीच.

कधी कधी बिघाड नसतोच. मुले पार्किंगमध्ये काच वरखाली करत खेळली की मोटर तापते आणि स्वतःला बंद करून घेते. दहा मिनिटे थांबा, ती परत चालेल. बॅटरी बदलल्यावर एका झटक्यात पूर्ण वर जाणारी काच टप्प्याटप्प्याने जायला लागते, कारण तिची आठवण पुसली गेली. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसेच ओढून धरले की ती शिकते. नेमकी रीत पुस्तकात.

काच जड चालत असेल तर रबराच्या खाचेत सिलिकॉनचा स्प्रे मारा. आपण कोकणातले शनवार तेली, हात आपसूक तेलाच्या बाटलीकडे जाणार. पण इथे तेल चालत नाही. मशीनच्या तेलाने रबर फुगते आणि काच आणखी जड होते. थंडीत उलटी गंमत. फेब्रुवारी 2021 च्या बर्फाच्या वादळात इथे पारा शून्य फॅरनहाइटच्या खाली गेला होता. अशा वेळी काचा रबराला चिकटतात. तेव्हा बटण दाबत राहिले की तार तुटते. आधी गाडी आतून गरम होऊ द्यावी.

मुलांनो, खिडकीचे बटण खेळणे नव्हे. जुन्या गाड्यांत बटण आडवे असायचे, बाहेर डोकावताना गुडघा त्यावर पडला की काच वर यायची आणि मान अडकायची. अशी मुले दगावली आहेत. म्हणून 2005 साली अमेरिकेत कायदा झाला, की नव्या गाड्यांत बटण वर ओढल्याशिवाय काच चढू नये. त्याआधीच्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. आजोबांची गाडी जुनी असेल तर ते कुलपाचे बटण दाबलेलेच ठेवावे.

"चालेल की एक काच बंद, एसी आहे," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी 26 जुलै 2005 ची आठवण देतो. त्या मंगळवारी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. आपल्यापैकी कितीजण मुंबई-ठाण्यातल्या नातेवाइकांना फोन लावत बसले होते, फोन लागत नव्हते. त्या पाण्यात काहीजण स्वतःच्या गाडीतच गेले. बाहेरच्या पाण्याने दार दाबलेले, विजेवरची कुलपे आणि काचा बंद पडलेल्या. तेव्हापासून दर पावसाळ्यात मुंबईकरांना गाडीत हातोडी ठेवायला सांगतात. अर्विंगही काही कोरडे नाही, ट्रिनिटी नदीचे फाटे शहराच्या कडेने जातात. 22 ऑगस्ट 2022 ला संपलेल्या 24 तासांत विमानतळावर 9 इंचांहून जास्त पाऊस पडला आणि डॅलसमध्ये रस्त्यारस्त्यांवर गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या.

रस्त्यावर पाणी वाहताना दिसले तर मागे फिरा. तरीही गाडी पाण्यात गेलीच, तर काचेची वीज थोडा वेळ टिकते, तेवढाच वेळ हातात. पट्टा सोडा, काच खाली करा, मुलांना आधी बाहेर काढा, मग स्वतः निघा. फोन नंतर. काच खाली झाली नाही तर बाजूची काच कोपऱ्यात टोकदार हातोडीने फोडायची. समोरची फुटत नाही, तिच्या दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पदर असतो. आता पुष्कळ नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही तशाच येतात. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने 2019 साली अशा सहा हत्यारांची चाचणी घेतली, त्यांतले एकही पदराची काच फोडू शकले नाही. तुमची कोणती ते काचेच्या खालच्या कोपऱ्यातल्या बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेले असते: टेम्पर्ड म्हणजे फुटणारी, लॅमिनेटेड म्हणजे न फुटणारी. बऱ्याच गाड्यांत पुढच्या दारांची लॅमिनेटेड आणि मागच्यांची टेम्पर्ड असते. अक्षरे फार बारीक आहेत, नातवाला वाचायला सांगा.